चौदा कुंड्या आणि नऊ टोमॅटो

जुळे सोलापूरमधून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ४३, खासगी नोकरी. घरात नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. मुलांच्या पोटात फवारलेली भाजी जाऊ नये म्हणून त्यांनी यंदा गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर गच्चीवर बाग सुरू केली. चौदा बादल्या-कुंड्या, कोकोपीट, गांडूळखत, बियाणं, फवारणीचा छोटा पंप असे मिळून साडेसात हजार रुपये गेले. टोमॅटो, ढोबळी मिरची, कोथिंबीर, पालक, भेंडी, वांगी, दुधी, कारलं असं सगळं लावलं. दिवाळीपर्यंत हाती काय आलं? टोमॅटो नऊ, त्यातले चार बुडाला काळे. भेंडी एका वेळी तीन-चार. वांगी किडकी. दुधीचं फळ बोटभर झालं की पिवळं पडून गळतं. कोथिंबीर वीतभर व्हायच्या आत फुलावर आली. "मिरची, पुदिना आणि कढीपत्ता तेवढा चालू आहे," असं त्या लिहितात.

नवरा पाहुण्यांसमोर म्हणतो, "आमच्याकडचा टोमॅटो आठशे रुपयांना एक पडतो." सासूबाई मोहोळकडच्या शेतकरी घरातल्या. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "पाडव्याला कोण पेरतंय गं?" शेजारीण म्हणते, इथं पाच दिवसाआड पाणी येतंय आणि तुम्ही झाडांना घालताय. पुण्याच्या मावसबहिणीच्या गच्चीचे हिरवेगार फोटो मात्र रोज येतात. ताईंचा प्रश्न असा: "माझ्या हातालाच गुण नाही का? बाग बंद करू, की अजून एक वर्ष बघू?"

ताई,

तुमच्या पत्रात टोमॅटोवर अख्खं पान आहे आणि मिरची, पुदिना, कढीपत्ता एका ओळीत उरकलेत. मला तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. तिच्याकडे येऊच. त्याआधी थोडा हिशेब करू, कारण तुमच्या घरात सगळेच हिशेब करताहेत आणि प्रत्येकाचा थोडा थोडा चुकतोय.

बारा इंच तोंडाची एक बादली म्हणजे माती किती? चौदा बादल्यांची तोंडं शेजारी शेजारी मांडली तर सगळी मिळून जेमतेम एक चौरस मीटर जागा भरते. पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षभर भाजी पुरवायची तर कृषी विज्ञान केंद्रं जी परसबाग सुचवतात ती साधारण दोनशे ते अडीचशे चौरस मीटरची असते, म्हणजे दोन-अडीच गुंठे. तुमच्याकडे त्याच्या दोनशेव्या भागाएवढी जमीन आहे, तीही प्लॅस्टिकच्या भांड्यात, उन्हात तापणाऱ्या स्लॅबवर. एवढ्याशा जागेतून तुम्ही आठ प्रकारची भाजी मागितलीत. ती मिळाली नाही यात हाताच्या गुणाचा काय संबंध?

भेंडीचंच घ्या. पाच माणसांची एका वेळची भाजी करायची तर अर्धा-पाऊण किलो भेंडी लागते, म्हणजे चाळीस-पन्नास नग तरी. एक झाड भरात असलं तरी दिवसाआड एखादी-दुसरी भेंडी देतं, आणि न तोडता ठेवली तर ती दोन-तीन दिवसांत राठ होते. तुमच्याकडे झाडं चार-पाच असावीत असा माझा अंदाज आहे. एका वेळी तीन-चार भेंड्या निघाल्या म्हणजे तुमच्या झाडांनी त्यांच्या वाट्याचं काम चोख केलं. एका वेळची भाजी हवी असेल तर निदान वीस-पंचवीस झाडं लागतात आणि तेवढ्या कुंड्या तुमच्याकडे नाहीत.

आता सासूबाईंचं वाक्य. तुम्हाला ते टोमणा वाटलं, आणि सुरावरून असेलही. पण त्यांनी सांगितलं ते खरं आहे. पाडव्याला शेतकऱ्याचं वर्ष सुरू होतं ते हिशेबाचं. सालगड्याचा करार त्या दिवशी ठरतो, अवजारांची पूजा होते. पेरणी कुणी करत नाही. त्या दिवसांत नांगरून टाकलेलं रान उन्हात तापू देतात, आणि आपल्या जिल्ह्यात तर ज्वारीची मुख्य पेरणी थेट सप्टेंबर-ऑक्टोबरात, परतीच्या पावसाच्या ओलीवर होते. तुम्ही मात्र शुभ दिवस बघून बी टाकलंत आणि पुढचे दहा आठवडे रोपांना चाळीस-बेचाळीस अंशांत उभं केलंत. वर्षातला सगळ्यात वाईट काळ तुम्ही निवडलात आणि तरी नऊ टोमॅटो काढलेत! मला खरंच नवल वाटतं.

पारा दिवसा पस्तीसच्या वर आणि रात्री चोवीस-पंचवीसच्या वर गेला की टोमॅटोचं फूल धरत नाही. पराग निकामी होतात, फूल देठातून सुटून पडतं. सोलापूरच्या मे महिन्यातली रात्र कशी असते हे तुम्हाला मी सांगायला नको. पुण्यात त्याच दिवसांत रात्री तीन-चार अंशांनी थंड असतात, आणि फूल राहणार की गळणार हे तेवढ्या फरकावर ठरतं. त्यामुळे मावसबहिणीची आणि तुमची तुलना मुळातच बसत नाही. शिवाय तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, की ती फक्त फुललेल्या कुंड्यांचेच फोटो टाकते. हे तुम्हाला माहीत आहे, तरी रात्री झोपताना ते फोटो बघता. पुढचे तीन महिने ते बघू नका. तिच्याकडून शिकायचं असेल तर फोटोऐवजी फोन करून विचारा, "तुझं काय काय मेलं?" ती यादी उपयोगी पडेल.

सोलापूर हे बागेसाठी अवघड गाव आहे, हे एकदा मान्य केलं की बरंच सोपं होतं. वर्षाचा पाऊस कमी, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. उगाच नाही याच शहरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चालू आहे. त्या जुन्या संशोधनातून कोरडवाहू शेतीची जी पद्धत निघाली तिच्यात बाकी बरंच असलं तरी दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत: बियाणं कमी वापरा आणि झाडांत अंतर जास्त ठेवा, जमिनीतली ओल उडू देऊ नका. थोडक्यात, पाणी जेवढं आहे तेवढीच झाडं. गच्चीवरही हेच लागू.

बुडाला काळे पडलेले टोमॅटो हा तुम्ही समजता तसा रोग नव्हे आणि त्यासाठी आणलेली पावडर वाया गेली. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही की असं होतं, आणि ते पोचत नाही याचं नेहमीचं कारण म्हणजे पाण्याचा अनियमितपणा. तुम्हीच लिहिलंय, "पाणी येतं त्या दिवशी मनसोक्त घालते, मग दोन-तीन दिवस जमेल तसं." कुंडी एक दिवस तुडुंब, दोन दिवस कोरडी ठणठणीत. माणसालाही असं चालत नाही. एक झाकणाचा ड्रम झाडांसाठी वेगळा ठेवा, आणि त्यातून रोज सकाळी ठरलेलं, मोजून पाणी. रोज एक-दीड लिटर हे पाच दिवसांतून एकदा दिलेल्या आठ लिटरपेक्षा कितीतरी बरं.

मातीवर आच्छादन हवंच. बाजारातून काही आणू नका. सोलापूरच्या घरात शेंगांच्या टरफलांचा कधी तुटवडा असतो का? चटणीसाठी शेंगा फोडल्या की टरफलं टाकून न देता प्रत्येक कुंडीवर दोन बोटं जाडीचा थर द्या. कुणी ओळखीचं ऊसवालं असेल तर पाचट मागा, तेही उत्तम. आच्छादनामुळे कुंडी लवकर वाळत नाही आणि वरची माती तापत नाही.

कुंडीतल्या काळ्या मातीबद्दलही बोललं पाहिजे. सासूबाईंच्या शेतातली माती पोत्यांनी आणलीत, भावना समजते. पण ती माती शेतात सोनं असली तरी बादलीत घट्ट बसते. ओली झाली की चिकट गोळा, वाळली की भेगा, आणि त्या भेगांतून पाणी सरळ खाली निघून जातं. ती फेकू नका. एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट किंवा कुस्करलेली टरफलं-पाचट, असं करून पुन्हा भरा. तुमच्याकडे आधीचं कोकोपीट आहेच, नवा खर्च नाही.

आणि आर.ओ.च्या मशीनमधून बाहेर पडणारं पाणी झाडांना घालणं थांबवा. पाणी वाया जाऊ नये म्हणून घालता, पण मशीन पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्याच पाण्यात सोडतं. आपल्याकडचं पाणी आधीच जड. कुंडीच्या कडेला पांढरा थर आणि पानांच्या कडा करपलेल्या, असं तुम्ही वर्णन केलंय ते बहुधा त्याचंच. ते पाणी फरशीला, संडासात वापरा. झाडांना भाज्या धुतलेलं, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. एसी असेल तर त्याचंही.

दुधीचं उत्तर थोडक्यात: दुधीला नर फुलं वेगळी आणि मादी वेगळी. मादी फुलामागे इवलासा दुधी असतो. परागीभवन झालं नाही की तो पिवळा पडून गळतो. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, आणि दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर त्या वेळी त्याच्याकडे येणारे किडे कमी. संध्याकाळी नर फूल तोडून मादी फुलाला अलगद टेकवलं की काम होतं. पण खरं सांगू? बादलीत दुधी आणि कारलं लावूच नका. वेलाला मुळं पसरायला जागा लागते आणि पाणीही खूप लागतं. किडक्या वांग्यांवरही वेळ घालवू नका. शेंडा नि फळं पोखरणाऱ्या अळीशी शेतकरीच हैराण आहेत.

आता शेजारणीचा मुद्दा. तिच्यावर तुम्ही रागावलात, पण तिचा प्रश्न बिनबुडाचा नाही. हिवाळ्यात चौदा कुंड्यांना रोजचं पंधरा-वीस लिटर पाणी लागेल. दोन पाणी-दिवसांच्या मधल्या काळात ते शंभर लिटरच्या आत राहतं, आणि त्यातलं बरंच स्वयंपाकघरातल्या धुण्याच्या पाण्यातून निघू शकतं. एप्रिल-मेमध्ये त्याच कुंड्यांना रोजचं चाळीस लिटर लागेल, म्हणजे पाच दिवसांचा एक अख्खा ड्रम, आणि बदल्यात मिळणार जवळपास काही नाही. टँकरच्या दिवसांत ते मलाही पटत नाही. म्हणून उन्हाळ्यात बाग चालवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. होळीनंतर चार-पाच कुंड्या सोडून बाकीच्या रिकाम्या करा. माती प्लॅस्टिकच्या कागदावर पातळ पसरून कडक उन्हात तापू द्या. कीड-बुरशी कमी होते. शेतकरी रान तापवतात तेच हे. ही सुट्टी तुमच्या बागेच्या वेळापत्रकात लिहून टाका, म्हणजे मे महिन्यात रिकाम्या कुंड्या बघून तुम्हाला अपराधी वाटणार नाही.

नवरोबांचा आठशे रुपयांचा टोमॅटो. विनोद म्हणून चांगला आहे, हिशेब म्हणून कच्चा. बादल्या चार-पाच वर्षं टिकतील, पंप टिकेल, माती पुन्हा वापराल. तो सगळा खर्च त्यांनी नऊ टोमॅटोंवर टाकला आणि सहा महिने फुकट खाल्लेल्या मिरच्या धरल्याच नाहीत. तरीही त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे. पैसे वाचवण्यासाठी बाग केली असेल तर ती बंद करा. लक्ष्मी मंडईत संध्याकाळी उतरत्या भावाने भाजी घ्याल तर एक चौरस मीटरची बाग तिच्याशी कधीच बरोबरी करू शकणार नाही. हे लपवून तुम्हाला धीर देण्यात अर्थ नाही. फक्त त्यांना एकदा, पाहुणे नसताना, सांगा की घरात काय वाटेल ते बोला, चारचौघांत नको. तुमच्या पत्रात टोमॅटो न आल्याचं दुःख थोडं आणि पाहुण्यांसमोर हसं झाल्याचं जास्त आहे, असं मला जाणवलं. त्याचा बागेशी तसा संबंध नाही, ते दोघांनी बसून बोलायचं आहे.

मग करायचं काय? तुमच्यासमोर तीन वाटा आहेत. बंद करणं ही एक, आणि ती हार नव्हे. नोकरी, मुलं, सासूबाई सांभाळून रोज गच्चीवर जाणं जड जात असेल तर कुंड्या कुणाला तरी देऊन टाका, विषय संपला. दुसरी, आहे तसंच अजून वर्षभर ओढणं. ही वाट मला सगळ्यात वाईट दिसते, कारण आठ प्रकारांची तीच यादी पुन्हा लावलीत तर पुढच्या दिवाळीला मला हेच पत्र पुन्हा येईल. तिसरी, बाग लहान आणि वेगळी करणं.

इथे तुमची ती एक ओळ कामाला येते. मिरची, पुदिना, कढीपत्ता "तेवढा चालू आहे." ज्या गोष्टी स्वयंपाकात किलोने लागत नाहीत, चिमटीने-मुठीने लागतात, त्या तुमच्या गच्चीने सहज दिल्या. अर्धा किलो भेंडी तुम्ही पिकवू शकत नाही, पण पोह्यांवर भुरभुरायची कोथिंबीर पिकवू शकता. चौदा कुंड्यांची भाजीची बाग होत नाही. फोडणीची बाग मात्र होते, आणि उत्तम होते. मुलांना फवारलेलं खायला नको हा तुमचा मूळ हेतूही त्यात जास्त साधतो. दुधी सोलून, शिजवून खाल्ला जातो. कोथिंबीर, पुदिना, मिरची आपण कच्ची खातो आणि ती जवळजवळ रोज पोटात जाते.

आता दिवस अगदी योग्य आहेत. कार्तिकातली हवा, रात्री थंडावलेल्या, ऊन सोसण्याजोगं. इथून होळीपर्यंतचे चार महिने हाच सोलापूरच्या गच्चीचा खरा हंगाम.

कोथिंबीर आणि मेथीसाठी गोल बादल्या सोडा. मंडईत जुने प्लॅस्टिकचे क्रेट स्वस्तात मिळतात, टोमॅटो-डाळिंबं येतात ते. आत शेडनेटचा तुकडा अंथरा आणि वीतभर माती भरा. असे तीन क्रेट म्हणजे तुमच्या चौदा बादल्यांच्या निम्म्याहून जास्त पेरायची जागा, आणि पालेभाजीला खोल मातीची गरजही नसते. धने हलक्या हाताने रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, पेरा. आठ-दहा दिवस काही दिसत नाही. उकरून बघू नका. डब्यातले धने जुने असतील तर उगवत नाहीत, पन्नास ग्रॅम ताजे आणा. महत्त्वाचं हे की तिन्ही क्रेट एकाच दिवशी पेरायचे नाहीत. आज एक, पंधरा दिवसांनी दुसरा, महिन्याने तिसरा. नाहीतर एकदम सगळी येईल, अर्धी वाया जाईल आणि मग महिनाभर काहीच नाही. मेथी पंचवीस-तीस दिवसांत काढायला येते. मुळासकट न उपटता कात्रीने वरून खुडलीत तर थोडी पुन्हा फुटते. पालकाचं तसंच, बाहेरची पानं काढत राहायची.

घरातले मोड आलेले कांदे फेकू नका. कांद्याच्या गावात राहतो आपण, पावसाळी हवेत दर पोत्यात पाच-दहा निघतातच. अर्धे मातीत खोचून ठेवलेत की पात सुरू. लसणाच्या पाकळ्याही आत्ताच टोचा. तीन-चार आठवड्यांत वरणावर घालायला लसणाची पात मिळेल. यात अपयश येणं कठीण आहे आणि मुलांना करायला द्यायला हे काम चांगलं आहे.

मिरचीची आहेत ती झाडं उपटू नका. लांबलेल्या फांद्या एक तृतीयांश छाटा, मूठ-दोन मुठी गांडूळखत द्या, थंडीत पुन्हा बहर येईल. पानं आकसून चुरडल्यासारखी झाली असतील तर ती फुलकिडे, कोळी कीड किंवा पांढऱ्या माशीची करामत. जास्त बिघडलेलं झाड मात्र काढून टाका, दुसऱ्यांना लागण होते. फवारायचंच असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क पुरे: पन्नास ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या फडक्यात बांधून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी पिळून-गाळून, थोडा साबणाचा चुरा विरघळवून, संध्याकाळच्या वेळी पानांच्या खालच्या बाजूने मारा. निंबोळ्या मे-जूनमध्ये रस्त्यावर पडतात तेव्हा वेचून वाळवून ठेवायच्या. तोवर दुकानातलं कडुनिंबाचं तेल आणा, प्रमाण बाटलीवर असतं.

पुदिना जुडीतल्या काड्यांवरच येतो. खालची पानं काढून पाण्यात ठेवलेल्या काडीला आठवडा-दहा दिवसांत मुळं फुटतात. त्याला वेगळी पसरट कुंडी द्या, दुसऱ्या कशात लावलात तर सगळं व्यापून टाकेल.

आणि एक टोमॅटो. हो, लावा. एकच रोप, वीस लिटरच्या बादलीत, काठीचा आधार देऊन. बी टाकत बसू नका, वेळ जाईल. रोपवाटिकेतून तयार रोप आणा. थंडीत फुलं धरतील आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या आसपास फळं रंगायला लागतील. रोप एकच असल्यामुळे त्याची भाजी होणार नाही हे आधीच ठरलेलं आहे. कोशिंबिरीत चिरा, मुलांना नुसते खाऊ द्या. ढोबळी मिरचीचा नाद मात्र सोडा, आपल्या हवेत कुंडीतली ढोबळी फार लाड मागते.

अंबाडीची एक कुंडी जूनमध्ये जरूर करा. ऊन-पाऊस काही म्हणत नाही, पानं खुडाल तशी फुटत राहते आणि सासूबाईंना भाकरीबरोबर ती आवडत असणार. गवारही आपल्या हवेची आहे, पण तिचं गणित भेंडीसारखंच. मूठभर झाडांनी भाजी होत नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात जाता जाता आली आहे आणि तुम्ही तिला बागच समजत नाही: गेटच्या आतली चार बाय सहा फुटांची उघडी जमीन. तिथे स्कूटर लावता म्हणे. स्कूटर जरा सरकवा. त्या तुकड्यात जून लागताच एक शेवगा लावा. पीकेएम-१ जातीचं बी किंवा रोप घ्या. सहा-आठ महिन्यांत शेंगा धरू शकते. एकदा मुळं खाली गेली की शेवग्याला कोरडं हवामान मानवतं, पाच दिवसाआडच्या पाण्याची तक्रार नसते. पाल्याची भाजी, फुलांची भाजी, आमटीत शेंगा. तुमच्या चौदाही कुंड्यांनी मिळून दिलं त्यापेक्षा जास्त भाजी हे एक झाड देईल. कंपाउंडच्या भिंतीपासून आणि पाण्याच्या हौदापासून जमेल तेवढं लांब, तुकड्याच्या मधोमध. दारात शेवगा नको असं काही घरांत मानतात, तेव्हा खड्डा खणण्याआधी सासूबाईंना विचारा. त्या मान्यतेमागे निदान एक व्यवहाराची गोष्ट असू शकते: शेवग्याचं लाकूड ठिसूळ, वाऱ्यात फांदी मोडून खाली उभ्या माणसावर पडायची. म्हणून रोप तीन-चार फुटांचं झालं की शेंडा खुडायचा आणि पुढे दरवर्षी शेंगा संपल्या की छाटून बुटकं ठेवायचं, म्हणजे वाऱ्याची भीती नाही आणि शेंगाही हाताला लागतात.

कढीपत्त्याचं कुंडीतलं रोप त्याच तुकड्याच्या कोपऱ्यात, शेवग्यापासून दोन-तीन फूट सोडून, हलवा. हलवल्यावर पहिलं वर्षभर फोडणीसाठी त्याची पानं ओरबाडू नका, फार तर खालची एखादी डहाळी घ्या. थंडीत ते काही हालचाल करणार नाही. मेलं समजून उपटू नका, फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊब आली की फुटतं.